माळरानावर यंत्रयुग फुलविणारे लक्ष्मणराव

इटियाडोह (जि. गोंदिया) : गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाच्या पाण्यावर या भागातील धानशेती पोसली जाते. पाट जिथे पोहोचत नाही, तिथे शेतकऱ्याची भिस्त पंपावर असते. मराठी शेतकऱ्याच्या हाती देशी बनावटीचा पंप देणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण म्हणूनच येथेही उचित ठरते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंगांधत्वामुळे ती वाट बंद झाली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावला परतले. बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचा व्यवसाय आणि पुढे शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा तेव्हा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या संस्थानाधिपतींनी दिलेल्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

नांगरापाठोपाठ १९२६ च्या सुमारास तेथे पंप तयार होऊ लागले. पंपाचा फिरता दांडा कवचातून जिथे बाहेर येतो, तिथली गळती ही या यंत्राची जुनी दुखरी नस. पूर्वी तिथे दोरीचे पॅकिंग आवळले जाई. दांडा तापू नये म्हणून त्यातून थोडे पाणी ठिबकू द्यावेच लागे. पुढे मेकॅनिकल सील आले. त्यात एक स्थिर व एक फिरती अशा दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना भिडतात. त्यांच्यामधील पाण्याचा अतिसूक्ष्म थर त्यांना झिजू देत नाही. पंप कोरडा चालला की हा थर नाहीसा होतो आणि चकत्या तापून तडकतात. वाळू शिरली की त्यांवर ओरखडे पडतात. पंप पाण्याने भरूनच सुरू करणे, शोषण नळीला जाळी लावणे आणि मोटार व पंपाचे दांडे एका रेषेत ठेवणे, एवढ्यानेही सीलचे आयुष्य वाढते. ऐन हंगामात बंद पडलेला पंप म्हणजे वाळलेले पऱ्हे, हे धानउत्पादकास सांगावे लागत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. रंग ओळखू न शकलेल्या या माणसाने कितीतरी शिवारे हिरवी केली, हेच त्यांचे खरे स्मारक होय.