आदिवासींच्या गोदूताई

विद्यार्थी मित्रांनो, शाळा संपल्यावर पुढे काय शिकायचे, हा विचार तुमच्याही मनात येत असेल. कोणाला डॉक्टर व्हायचे असेल, तर कोणाला वकील. कोणी राज्यशास्त्र शिकून लोकांची सेवा करू इच्छित असेल. पण मिळवलेले ज्ञान कोणासाठी वापरायचे? या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या एका मुलीने आपल्या आयुष्यातून दिले. तिचे नाव गोदावरी गोखले. पुढे त्या गोदावरी परुळेकर या नावाने प्रसिद्ध झाल्या.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. वडील वकील होते. घरी कशाचीही कमतरता नव्हती. त्या काळी फार थोड्या मुली कॉलेजात जात. गोदावरीबाईंनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. नंतर त्या कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रिया कोण, असे विचारले, तर त्यांचे नाव घ्यावे लागते.

वकिली करून त्यांना सुखाने राहता आले असते. पण देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू होती. गोदावरीबाईंनी सत्याग्रह केला आणि १९३२ साली त्यांना शिक्षा झाली. वडिलांना हा मार्ग पसंत नव्हता. म्हणून त्या घर सोडून मुंबईला आल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात त्या काम करू लागल्या. त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद त्याच होत. मुंबईत त्यांनी प्रौढांसाठी साक्षरतेची मोहीम चालवली. घरकाम करणाऱ्या गड्यांची संघटनाही बांधली. १९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शामरावही लोकसेवेला वाहून घेतलेले कार्यकर्ते होते. त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले.

आता नकाशात मुंबईच्या उत्तरेला पाहा. समुद्रकाठी डहाणू आहे. तेथून आत, गुजरातच्या सीमेजवळ तलासरी आहे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. हा जिल्हा २०१४ साली झाला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता. येथील डोंगरांत आणि जंगलांत वारली आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या झोपडीच्या भिंतीवरची पांढरी चित्रे तुम्ही पाहिली असतील.

त्या सुंदर चित्रांमागे फार मोठे दुःख होते. जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. वारल्यांना मालकाच्या शेतावर वेठ करावी लागे. वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. स्वतःच्या लग्नासाठी कोणी थोडे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनाही सावकाराकडे राबावे लागे. कर्ज कधी फिटतच नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. नकार दिला, तर मार बसे. धान्य संपले, की जंगलातील कंदमुळांवर दिवस काढावे लागत.

मित्रांनो, येथे थोडा विचार करा. उपाशी माणूस आजारी पडला, तर डॉक्टर त्याला औषध देईल. पण औषधाने भूक जाईल का? भुकेचे कारण वेठीत होते. वेठ बंद झाल्याशिवाय त्या माणसाच्या शरीरात ताकद येणार नव्हती. गोदावरीबाई डॉक्टर नव्हत्या, पण दुखण्याचे मूळ त्यांना दिसले. कायदा शिकलेल्या असल्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट कळत होती. नुसत्या कागदावरच्या हक्काने माणूस मोकळा होत नाही. त्याला नाही म्हणण्याची हिंमत लागते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची परिषद भरली. तिला काही वारलीही आले होते. झरी गावचे माह्या धांगडा त्यांच्यापैकीच एक. आपला भाग जागा करायचा, असे ठरवून ही माणसे घरी परतली. मग गोदावरीबाई त्यांच्या गावांत गेल्या. त्या डोंगरवाटांनी पायी हिंडत, झोपडीत राहत आणि जे मिळेल ते खात. आदिवासी त्यांना गोदूताई म्हणू लागले.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात मोठी सभा भरली. सुमारे ५,००० आदिवासी जमले. यापुढे वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय मालकाच्या शेतावर राबायचे नाही, असा निर्णय झाला. खबर गावोगावी पोहोचली. सभेनंतर लोकांनी लग्नगड्यांना सोडवून आणले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वेठ थोड्याच दिवसांत मोडली.

त्यानंतर मजुरीचा प्रश्न आला. ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मिळावेत, अशी मजुरांची मागणी होती. मालक तेवढे देण्यास तयार नव्हते. ऑक्टोबर १९४५ मध्ये खोटी अफवा पसरवण्यात आली. गोदूताईंचा जीव धोक्यात आहे, असे सांगून लोकांना तलवाड्याला बोलावण्यात आले. हजारो आदिवासी रात्रीच तेथे जमले. पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. ज्यांना वाचवण्यासाठी ही माणसे धावून आली, त्या गोदूताई तेथे नव्हत्याच.

पुढे सरकारने गोदावरीबाईंना जिल्ह्यात येण्यास बंदी केली. आता चळवळ थांबेल, असे मालकांना वाटले. पण तसे झाले नाही. १९४६ साली जंगलात काम करणाऱ्या मजुरांनी मोठा संप केला. शेवटी लाकडाच्या व्यापाऱ्यांना दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी मान्य करावी लागली. पुढारी जवळ नसतानाही लोक आपल्या हक्कासाठी उभे राहिले, हेच गोदूताईंच्या शिकवणीचे खरे यश होते.

त्यांचे पुढचे आयुष्यही सोपे नव्हते. त्यांना अनेकदा तुरुंगात जावे लागले. १९५७ साली शामराव लोकसभेवर निवडून आले होते. १९६५ साली तुरुंगातच त्यांचे निधन झाले. तरीही गोदावरीबाईंनी काम सोडले नाही. आदिवासी मुलांनी शिकावे, म्हणूनही त्या झटल्या. वारल्यांच्या लढ्याची हकिकत त्यांनी जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. आज तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

वेठ गेली, पण त्या भागातील सगळे दुःख संपले नाही. १९९२ साली जवळच्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी भागात कुपोषणाने अनेक बालके दगावली. अशा ठिकाणी डॉक्टर हवेत आणि औषधेही हवीत. त्याबरोबरच मजुरी वेळेवर मिळायला हवी, रेशनचे धान्य घरी पोहोचायला हवे आणि त्यासाठी जाब विचारणारी माणसेही हवीत.

म्हणून तुम्ही डॉक्टर व्हा, वकील व्हा किंवा राज्यशास्त्राचा अभ्यास करा. पण रोग्याच्या नाडीबरोबर त्याच्या घरातली चूलही पाहा. ती पेटत नसेल, तर का पेटत नाही, हे विचारा. गोदूताईंनी हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या डोंगर चढून गेल्या.