कॉडसाहेबांचा पेपर

डीबीएमएसच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो : कॉडचे नियम सांगा. आपण पहिले तीन-चार धडाधड सांगतो, पुढचे दोन आठवल्यासारखं करतो आणि मग एक्स्टर्नलच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. पण हे नियम कुणी, कधी आणि कुणावर वैतागून लिहिले, हे फारसं कुणी विचारत नाही आणि आपणही शोधायला जात नाही. खरी गोष्ट अशी की हे नियम म्हणजे डेटाबेस विकणाऱ्या कंपन्यांसाठी काढलेला एक पेपर होता. आणि तो काढणारा माणूस मोठा मजेशीर होता.

आपल्यातले बरेच जण डेटाबेसच्या सर्टिफिकेशनच्या मागे लागलेले असतात. प्लेसमेंटच्या आधी बायोडाटावर एक ओळ वाढली तर कुणाला नको आहे? पण तयारी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : डम्प आहे का रे? म्हणजे खऱ्या परीक्षेतून फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. म्हणूनच मित्रांनो, कॉडसाहेबांची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मधला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यातल्या पोर्टलंड बेटावरचा. वडील चामड्याचा माल तयार करण्याच्या धंद्यात, आई शाळेत शिक्षिका आणि सात भावंडांत हे शेंडेफळ. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात गणित आणि रसायनशास्त्र शिकायला गेले, पण तेवढ्यात दुसरं महायुद्ध ऐन भरात आलं. कॉड ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले आणि समुद्रावर गस्त घालणारी सुंदरलँड जातीची अवजड विमानं त्यांनी चालवली. युद्ध संपल्यावर परत ऑक्सफर्ड, आणि १९४८ मध्ये गणिताची पदवी.

आता पदवी हातात, तीही ऑक्सफर्डची! पुढे काय? साहेब अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमधल्या मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात काही काळ पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात विक्रेत्याचं काम केलं. मग टेनेसी विद्यापीठात थोडे महिने गणित शिकवलं. १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रामर म्हणून लागले, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी खोली भरून यंत्र असायचं. कॉम्प्युटर सायन्सची पदवी तेव्हा कुणाकडेच नव्हती, कारण तो विषयच अजून जन्माला यायचा होता.

१९५३ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली. सिनेटर मॅकार्थी यांनी तेव्हा ज्याच्या-त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारायला सुरुवात केली होती. पुरावा असो नसो, शिक्का बसला की माणूस संपला. कॉडना ते पटलं नाही. चांगली चालू असलेली नोकरी सोडून ते कॅनडाला गेले आणि १९५७ मध्ये पुन्हा आयबीएममध्ये परतले. नुसत्या शिक्क्यावरून निवाडा करायचा नाही, हा त्यांचा स्वभाव इथेच दिसतो. पुढे तो आणखी एकदा दिसणार आहे.

परतल्यावर त्यांनी स्ट्रेच नावाच्या आयबीएमच्या महासंगणकावर काम केलं. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवायचे, हा तिथला त्यांचा विषय. मग कंपनीच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात जाऊन १९६५ मध्ये पीएचडी केली. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. विषय होता स्वतःची नक्कल स्वतः तयार करणारी यंत्रं. फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने अशा यंत्राच्या प्रत्येक घरासाठी २९ अवस्था वापरल्या होत्या. कॉडनी ८ अवस्थांमध्ये काम भागतं हे दाखवून दिलं. तेवढंच काम, पण कमी आणि स्वच्छ साहित्यात. त्यांच्या डोक्याचा ढंग असा होता.

१९६८ च्या सुमारास ते कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले आणि डेटाबेसच्या भानगडीत पडले. भानगडच होती ती! तेव्हाच्या डेटाबेसमध्ये माहिती झाडासारखी किंवा जाळ्यासारखी बांधलेली असायची. आयबीएमचा आयएमएस हा झाडवाला. समजा आपल्या कॉलेजचा डेटा त्यात ठेवला : वर विभाग, त्याच्याखाली विद्यार्थी, त्याच्याखाली त्यांनी लायब्ररीतून घेतलेली पुस्तकं. एखाद्या विद्यार्थ्याकडे कुठली पुस्तकं आहेत हे चटकन सांगता येईल. पण एखादं पुस्तक कुणाकडे आहे, असं उलटं विचारलं की सगळं झाड पालथं घाला. नाहीतर त्या प्रश्नासाठी आधीच वेगळी वाट बांधून ठेवलेली हवी. शिवाय प्रोग्रामरला कुठून कुठे पॉइंटर जातो हे सगळं पाठ असावं लागे. साठवणुकीची रचना बदलली की चांगले चालणारे प्रोग्रॅम कोलमडायचे.

कॉडनी गणिताच्या बाजूने विचार केला. सगळी माहिती साध्या टेबलांत ठेवायची. नातं दाखवायचं तेही किमतींतूनच, लपवलेल्या पॉइंटरने नाही. काय हवं ते वापरणाऱ्याने सांगायचं. कसं आणायचं ते यंत्राने बघायचं. हा विचार १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये एसीएमच्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म आले आणि १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्याबरोबरचा बीसीएनएफ. ज्या पानांनी आपली झोप उडवली आहे ती पानं इथली!

आयबीएमने लगेच हार-तुरे घातले असतील असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. आयएमएसचा धंदा जोरात होता, त्याच्या पोटावर पाय कोण देणार? बाहेर तर वादच पेटला. १९७४ मध्ये ॲन आर्बर इथे चार्ल्स बॅकमन आणि कॉड यांच्यात जाहीर चर्चा झाली. बॅकमन हे जाळेवाल्या डेटाबेसचे पुढारी आणि १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. हळूहळू हवा फिरली. सॅन होजेत सिस्टिम आर उभी राहिली. तिच्यासाठी डॉन चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा बनवली, तीच आजची एसक्यूएल. बर्कलेत स्टोनब्रेकर आणि वाँग यांनी इंग्रेस बनवलं. हे सगळं छापील निबंधांतून वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या दोन जोडीदारांनी १९७७ मध्ये कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएलवालं उत्पादन आलं १९८१ मध्ये! त्याच वर्षी कॉडना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता येते पेपरची गोष्ट. रिलेशनल हा शब्द बाजारात चलनी झाला, तसा ज्याने-त्याने तो आपल्या मालावर चिकटवायला सुरुवात केली. आत तेच जुनं झाड किंवा तेच जुनं जाळं, वर टेबलांचा पातळ मुलामा, की झाला रिलेशनल! १९८४ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या कॉडनी १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात दोन लेख लिहून आपले नियम मांडले. म्हणायला बारा, पण शून्यापासून मोजलेले, म्हणून खरे तेरा. (आहेत की नाही आपल्यातलेच!) रिलेशनल म्हणवता ना, मग या कसोट्यांना उतरून दाखवा, असा त्यांचा रोख होता. तेव्हाच्या एकाही उत्पादनाला पैकीच्या पैकी मिळण्यासारखे नव्हते, त्यांच्या जुन्या कंपनीच्या डीबी२ ला सुद्धा.

यातला शेवटचा, म्हणजे बारावा नियम ओरलपुरता पाठ करून सोडून देऊ नका. डेटाबेसला खालच्या पातळीची एखादी भाषा असेल, तर तिच्या आधाराने टेबलांवर घातलेली बंधनं चुकवून आत शिरता येता कामा नये, असं तो सांगतो. साध्या मराठीत, पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असं चालणार नाही. डम्प म्हणजे दुसरं काय? परीक्षेचं पुढचं दार म्हणजे ज्ञान. त्याला बगल देऊन प्रश्न क्रमांक ४७ चं उत्तर क, हे पाठ करून मागून आत शिरायचं. वर मुलामा सर्टिफाइडचा आणि आत जे होतं तेच.

कुणी म्हणेल, पास झालो ना, मग काय बिघडलं? एक छोटं उदाहरण बघा. प्रोजेक्टच्या डेटाबेसमध्ये गाईडचं एक टेबल आणि विद्यार्थ्यांचं एक टेबल आहे. ज्यांच्याकडे एकही विद्यार्थी नाही असे गाईड शोधायचे आहेत. आपण नॉट इन वापरून क्वेरी लिहिली : विद्यार्थ्यांच्या टेबलातल्या गाईड क्रमांकांमध्ये ज्याचा क्रमांक नाही तो दाखव. एका विद्यार्थ्याला अजून गाईड मिळालेला नाही, म्हणून त्याच्या रकान्यात नल आहे. निकाल? एकही ओळ नाही! खरोखर पाच गाईड रिकामे बसलेले असले तरी! कारण नलशी तुलना केली की उत्तर खरंही येत नाही आणि खोटंही येत नाही, ते अज्ञात येतं. आणि जी अट नक्की खरी ठरते तीच ओळ एसक्यूएल दाखवते. नॉट एक्झिस्ट्स वापरा किंवा नल आधी वगळा, की उत्तर बरोबर. नलचं काय करायचं हा कॉडच्या यादीतला तिसरा नियम आहे. ज्याने पर्याय पाठ केला त्याला हे फक्त त्याच प्रश्नात दिसेल. ज्याला कारण कळलं त्याला ते बँकेच्या थकबाकीदारांच्या यादीतही दिसेल आणि हॉस्पिटलच्या औषधांच्या यादीतही. एरर येत नाही, स्क्रीन लाल होत नाही, यादी मुकाट्याने रिकामी येते आणि सगळं ठीक आहे असं समजून लोक घरी जातात.

दुसरं नुकसान आपल्याच बरोबरच्या मुलांचं. परीक्षेची फी काही थोडीथोडकी नसते. घरून पैसे मागायला संकोच वाटतो म्हणून ट्यूशन घेऊन फी साठवणारे आणि रात्री जागून अभ्यास करणारे आपल्याच वर्गात असतात. डम्पवाले वाढले की इंटरव्ह्यू घेणारा त्या कागदाकडे बघेनासा होतो, मग यांचाही कागद रद्दी. आणि प्रश्न बाहेर सांगणार नाही, असं परीक्षेला बसण्याआधी आपण मान्य केलेलं असतं. फुटलेले प्रश्न वापरल्याचं सापडलं तर निकाल रद्द होतो आणि पुढची दारंही बंद होऊ शकतात.

कॉडसाहेब सगळ्याच बाबतीत धुतल्या तांदळासारखे होते का? तेही सांगायला हवं. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओलॅप या नव्या प्रकाराचे बारा नियम मांडले. त्या कामासाठी आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीने पैसे दिले होते आणि नियम तिच्याच एसबेस या उत्पादनाला नेमके बसत होते. हे कळल्यावर कॉम्प्युटरवर्ल्डने तो लेख मागे घेतला. आठ वर्षांपूर्वी याच साप्ताहिकात त्यांचा पेपर गाजला होता! पेपर काढणाऱ्याचे हात गुंतले की पेपरची किंमत जाते, मग काढणारा स्वतः कॉड का असेना. हा डाग झाकला तर त्यांची गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात कॉड यांचं हृदयविकाराने निधन झालं. वय ७९. एटीएमचे पैसे असोत की रेल्वेचं रिझर्वेशन, त्यांचं टेबल कुठेतरी मागे उभं असतंच.

मग तयारी करायची कशी? परीक्षा घेणारी संस्था विषयांची यादी स्वतःच जाहीर करते, ती आधी छापून भिंतीवर लावा. संस्थेने दिलेले सरावाचे प्रश्न खुशाल सोडवा, ते चोरीचे नाहीत. ओरॅकलची फुकट आवृत्ती मिळते आणि पोस्टग्रेस तर पूर्णच मोफत आहे, तेव्हा इन्स्टॉल करा. क्वेरी लिहिली की एंटर मारण्याआधी किती ओळी येतील ते कागदावर लिहा. जुळलं नाही तर जोपर्यंत कारण सापडत नाही तोपर्यंत पुढची क्वेरी नाही. दोन सेशन उघडून एकच ओळ दोन्हीकडून बदलून बघा, लॉक म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळेल. नल, डुप्लिकेट आणि रोलबॅक यांच्याशी मुद्दाम भांडण काढा. यादीतला प्रत्येक विषय मित्राला पुस्तकाशिवाय समजावून सांगता आला, की फॉर्म भरा. पहिल्या वेळी नाही झालं तर कुठल्या विभागात कमी पडलो ते रिपोर्टात बघून पुन्हा बसा, त्यात लाज कसली?

आणि पुढच्या ओरलला कॉडचे नियम विचारले, तर या वेळी बाराव्यापासून सुरुवात करून बघा!