गावचे तंटे देशमुखासमोर सुटायचे, पण सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचं म्हणणं कुणीच ऐकलं नाही

बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा म्हटलं की आधी आठवतात जिजाऊ. १२ जानेवारीला तिथे केवढी गर्दी होते! पण याच गावात जिजाऊंच्या वडिलांची, लखुजी जाधवरावांची दगडी समाधीही आहे. ती पाहिली की प्रश्न पडतो. या माणसाला शिक्षा झाली होती, की त्याचा खून झाला होता?

लखुजी सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले मातब्बर सरदार. देशमुख म्हणजे नुसता सारा गोळा करणारा वतनदार नव्हे. परगण्यात वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निघाला की गोतसभा बसायची. तिथे देशमुख, देशपांडे, पाटील असायचे, काही वेळा काझीसुद्धा. दोन्ही बाजूंची तकरीर, म्हणजे त्यांचं म्हणणं, लिहून घ्यायचं, साक्षी तपासायच्या आणि शेवटी महजर करून त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या घ्यायच्या. शेताच्या बांधासाठीही एवढा खटाटोप व्हायचा. देहदंड मात्र राजाच्या हातात, आणि राजाकडे महजर मागणार कोण?

लखुजी काही साधुपुरुष नव्हते. दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. त्यात लखुजींचा मुलगा दत्ताजी गेला, आणि लखुजींनी भोसल्यांच्या संभाजीला, म्हणजे विठोजींच्या मुलाला, मारून तिथल्या तिथे सूड घेतला. तिथे तकरीर कुणी घेतली नाही.

पुढे लखुजी मुघलांना मिळाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मुघलांकडून होते, तर जावई शहाजीराजे निजामशाहीकडून. नंतर ते परत आले, पण निजामशहाच्या मनात संशय राहिलाच. १६२६ मध्ये मलिक अंबर वारल्यावर तो दरबार सावरणारंही कुणी उरलं नव्हतं.

२५ जुलै १६२९ ला दौलताबादला मुजऱ्यासाठी गेलेले लखुजी, त्यांची मुलं अचलोजी आणि रघोजी, आणि नातू यशवंतराव अशा चौघांना दरबारातच कापून काढलं. आरोप वाचून दाखवला नाही, साक्ष नाही, काही नाही. फितुरी केली असं धरलं, तरी नातवाचा गुन्हा कोणता?

हा धर्मछळ होता का? आमच्या मते नाही. मराठा सरदार याच दरबारात मोठे झाले होते, आणि याच निजामशहाने मलिक अंबरच्या मुलाला, फत्तेखानालाही कैदेत टाकलं होतं. शिवाय काझीच्या कायद्यातही साक्षीपुरावा लागतोच. म्हणजे ही कत्तल ना गोताच्या न्यायात बसत होती, ना शरियतच्या. तो घाबरलेल्या राजाचा हुकूम होता.

परिणाम लगेच दिसले. लखुजींचे भाऊ जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी मुघलांकडे गेले. सासऱ्याशी वैर असलेल्या शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

आणि निजामशहा? दोन-तीन वर्षांत कैदेतून सुटलेल्या फत्तेखानाने त्यालाच मारलं. त्याचंही म्हणणं कुणी ऐकलं नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या ताब्यात गेलं.