महाभारताचं ‘व्हर्जन कंट्रोल’ करणारा गणिती

फायनल इयरच्या कुठल्याही ग्रुपचा कॉम्प्युटर उघडून बघा. वेबसाइटचं प्रोजेक्ट एकच, पण फोल्डर सात-आठ! ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘सरांना दाखवलेलं’, ‘खरंच फायनल’. चौघांनी चार रूमवर बसून बदल केलेले असतात. कोणी काय खोडलं हे कोणालाच आठवत नाही. एकाने नावं कॅपिटलमध्ये दिलेली, दुसऱ्याने स्मॉलमध्ये. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लॉगिनचं पानच उघडत नाही! या दुखण्यावर औषध म्हणून आपल्याला ‘व्हर्जन कंट्रोल’ आणि ‘कोडिंग स्टँडर्ड’ शिकवतात. बेल लॅब्जमध्ये १९७२ साली अशा प्रकारचं सॉफ्टवेअर तयार झालं, आणि आज सगळीकडे वापरतात ते ‘गिट’ २००५ सालचं. पण हाच प्रश्न, याच्या कितीतरी पट मोठा, एका मराठी माणसाने कॉम्प्युटर नसलेल्या काळात पुण्यात बसून हाताळला होता. त्यांचं नाव डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर. संस्कृतच्या जगात हे नाव आजही फार आदराने घेतात. आपण इंजिनिअरिंगवाल्यांनीही ते माहीत करून घ्यायला हवं, कारण हा माणूस मुळात गणिताचा!

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईला झाला. मुंबईत शिकून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि तिथे त्यांनी गणित केलं. पुढे मन संस्कृतकडे वळलं. बर्लिनला हाइन्रिश ल्यूडर्स या मोठ्या पंडिताच्या हाताखाली त्यांनी शाकटायनाच्या संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. गणितातून व्याकरणात जाणं आपल्याला विचित्र वाटेल, पण संस्कृत व्याकरण म्हणजे सूत्रांचाच खेळ. भारतात परतल्यावर त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, शिलालेख आणि ताम्रपट वाचले, भासाच्या नाटकांवर लेख लिहिले. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्याकडे तीन गोष्टी जमल्या होत्या. गणिताची शिस्त, व्याकरणाची पकड आणि जुनी अक्षरं वाचायची सवय. या तिन्ही एकदम लागतील असं काम त्यांची वाट बघत होतं.

ते काम काय होतं हे समजायला आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. नशिराबादपासून जवळच आसोदे. बहिणाबाई चौधरींचं (१८८०-१९५१) हे जन्मगाव. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणायच्या ते मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने वहीत उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली ते पुस्तकरूपाने लोकांसमोर आलं. जे उतरवलं गेलं नाही ते कायमचं गेलं. ही झाली एका बाईच्या एका आयुष्यातली गोष्ट. महाभारत तर शेकडो वर्षं तोंडी चाललं, मग शेकडो वर्षं हाताने उतरवलं गेलं. काश्मिरात शारदा लिपीत, बंगालात बंगालीत, केरळात मलयाळमात, शिवाय नेपाळी, मैथिली, तेलुगू, ग्रंथ आणि आपली नागरी. उतरवणारा कुठे चुकला, कुठे त्याला अवघड शब्द समजला नाही म्हणून त्याने सोपा घातला, कुठे गावात प्रसिद्ध असलेली गोष्ट मध्येच जोडली. असं होत होत उत्तरेचं महाभारत वेगळं झालं, दक्षिणेचं वेगळं.

सतराव्या शतकात कोपरगावच्या घराण्यातल्या नीलकंठ चतुर्धर यांनी काशीत राहून बऱ्याच पोथ्या जमवल्या, त्यातले चांगले वाटलेले पाठ घेतले आणि टीका लिहिली. ती प्रत इतकी चालली की पुढे छापखाने आल्यावर महाभारत म्हणजे नीलकंठांचं महाभारत असंच समीकरण झालं. पण कुठला श्लोक कुठल्या पोथीतून घेतला आणि कुठला सोडला, याचा पत्ता वाचणाऱ्याला लागत नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या ब्रँच एकत्र करून टाकल्या, पण लॉग ठेवला नाही.

सगळ्या पोथ्या ताडून एक चिकित्सक आवृत्ती करावी अशी सूचना विंटरनित्स या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या परिषदेत मांडली होती. सुकथनकरांचे गुरू ल्यूडर्स यांनी १९०८ साली त्याचा एक नमुनाही छापला. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातलं ते काम बारगळलं. मग पुण्याने ते अंगावर घेतलं. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द डॉ. रा. गो. भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. नारायण बापूजी उत्गीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची चाचणी आवृत्ती काढून ती अभिप्रायासाठी विद्वानांकडे पाठवली. बीटा व्हर्जनच म्हणा ना! आणि ऑगस्ट १९२५ मध्ये प्रमुख संपादक म्हणून सुकथनकर आले.

त्यांनी आधी कामाची पद्धत बसवली. पोथ्या ताडायला खास शिकवलेले शास्त्री आणि पदवीधर नेमले. ताडणीसाठी चौकटी आखलेले ठरावीक कागद होते. वर श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि ज्या अक्षरात फरक असेल त्याच अक्षराखाली तो फरक नोंदवायचा. जास्तीचे श्लोक सापडले तर ते वेगळ्या कागदावर. आपण स्क्रीनवर दोन फायलींचा ‘डिफ’ बघतो, तोच हा, फक्त शाईने केलेला! प्रत्येक पोथीला लिपीवरून एक अक्षर आणि पुढे आकडा असं नाव. पुण्याबरोबरच तंजावर आणि शांतिनिकेतनलाही ताडणी चालायची. कागद एक, खुणा एक, नियम एक, म्हणून तिन्हीकडची माणसं एकमेकांना न भेटताही त्यांचं काम पुण्याच्या टेबलावर एकमेकांत बसायचं. आदिपर्वाचा प्रत्येक श्लोक निदान दहा पोथ्यांशी ताडला गेला, आणि पहिले दोन अध्याय तर साठ पोथ्यांशी.

आता खरा प्रश्न. साठ पोथ्या साठ गोष्टी सांगतात, तर मानायचं कोणाचं? बहुमत घ्यावं तर एका चुकीच्या पोथीवरून पन्नास नकला झालेल्या असू शकतात. (जर्नल कॉपी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!) म्हणून सुकथनकरांनी आधी पोथ्यांची घराणी लावली. कोण कोणावरून उतरली, कोणात कुठे भेसळ झाली. नागरी लिपी सगळीकडे वाचली जायची, त्यामुळे नागरी पोथ्यांत सरमिसळ जास्त. याउलट काश्मीर आणि केरळ ही दोन टोकं. तिथल्या पोथ्यांनी एकमेकांची नक्कल करण्याची शक्यता फार कमी. मग या दोन टोकांना एकच शब्द सापडला, तर तो दोघांच्याही आधीच्या काळातला असणार. हा तर्क गणितातल्या माणसाचा आहे. गिटमध्ये आपण बदल करतानाच नोंद होते, मागचा इतिहास आपल्याला आयता मिळतो. सुकथनकरांना, कोणीच न लिहिलेला इतिहास उलट्या दिशेने शोधून काढावा लागला.

नियम तीन होते आणि ते कडक होते. पहिला, पोथीत नसलेलं स्वतःच्या मनाने घालायचं नाही. अगदीच अडलं तर एखादं अक्षर, आणि तेही सांगून. दुसरा, खात्री नसेल तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ मारायची, म्हणजे हा पाठ पक्का नाही हे वाचणाऱ्याला समजावं. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. काहीही फेकायचं नाही. मूळ मजकुरातून काढलेली प्रत्येक ओळ तळटीपेत किंवा परिशिष्टात, कुठल्या पोथीत आहे त्या खुणेसह जपायची.

या तिसऱ्या नियमाची परीक्षा लगेच झाली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पुराव्याप्रमाणे ती मूळ मजकुरात बसत नव्हती, अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती नव्हतीच. पुण्यात बसून, गणपतीच्या गावात, गणपतीची गोष्ट मुख्य मजकुरातून काढायची! सुकथनकरांनी ती काढली आणि परिशिष्टात अगदी पहिल्या क्रमांकाला छापली. श्रद्धा असणाऱ्याला ती तिथे पूर्ण वाचायला मिळते, आणि संपादकाने ती का हलवली हे तपासणाऱ्याला पुरावाही मिळतो.

टीका दुसऱ्या बाजूनेही झाली. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही हे फार मोठे पंडित. त्यांचं मत पडलं की जुना पाठ शोधायच्या भानगडीत न पडता नीलकंठांचाच मजकूर छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. सुकथनकर बधले नाहीत. पण आपण व्यासांचं मूळ महाभारत शोधलं असा दावाही त्यांनी केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं आपण गेलो, एवढंच त्यांचं म्हणणं. आदिपर्व १९२७ पासून भागाभागांनी निघून १९३३ साली पुरं झालं. त्याबरोबर त्यांनी शंभरावर पानांची प्रस्तावना इंग्रजीत लिहिली. कुठल्या पोथ्या, कुठली घराणी, कुठला नियम का, सगळं त्यात आहे.

आणि मग एक नवल घडलं. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळच्या राजगुरूंकडची एक फार जुनी पोथी उजेडात आली. ठरवताना ती कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. सुकथनकरांनी १९३८-३९ च्या सुमारास तिच्यावर लेख लिहिला. त्यांनी केवळ तर्काने धरलेले कितीतरी पाठ त्या पोथीत तसेच निघाले. कोड आधी लिहिला आणि टेस्ट नंतर आली, तरी पास! यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?

यानंतर त्यांनी आरण्यकपर्व हाती घेतलं आणि ते १९४२ साली प्रसिद्ध झालं. दरम्यान बाकीची पर्वं इतर विद्वानांकडे वाटली होती. विराटपर्व रघुवीरांकडे, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेच्या एजर्टन यांच्याकडे. १९४३ च्या जानेवारीत सुकथनकर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं देत होते. तीन झाली. चौथं राहिलं. २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं पंचावन्न. व्याख्यानांचं पुस्तक निघायला १९५७ साल उजाडलं.

तेव्हा अठरापैकी मोजकीच पर्वं झाली होती. शांतिपर्वासारखं अवाढव्य पर्व बाकी होतं. युद्धाचे दिवस, पैशाची ओढाताण, आणि ज्याच्या डोक्यात सगळा आराखडा होता तोच माणूस गेलेला. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आपण जाणतोच. पण इथे काम थांबलं नाही. डॉ. श्री. कृ. बेलवलकर प्रमुख संपादक झाले, पुढे १९६१ पासून डॉ. प. ल. वैद्य. संपादक बदलले, पिढी बदलली, पण त्याच खुणा, तीच नागमोडी रेघ, तेच परिशिष्ट. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. १९ खंड, सुमारे १३,००० पानं, १,२५९ पोथ्या. सुरुवात केल्यापासून ४७ वर्षं, आणि सुकथनकर गेल्यापासून २३! पुढे हा मजकूर जपानच्या तोकुनागा यांनी कॉम्प्युटरवर आणला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. त्यामुळे आज तो आपल्या हॉस्टेलच्या नेटवरही वाचता येतो.

सुकथनकरांची हुशारी त्यांच्याबरोबर गेली. मागे राहिले ते लिहून ठेवलेले नियम आणि न फेकलेला पुरावा, आणि तेवढ्यावर पुढच्यांनी गाडा ओढून नेला. आपल्या ग्रुपमध्येही एखादा ‘किडा’ असतोच, त्याला सगळा कोड तोंडपाठ असतो. तो आजारी पडला की प्रोजेक्ट आजारी, तो पास आउट झाला की प्रोजेक्ट संपलं. दरवर्षी जूनमध्ये किती चांगल्या वेबसाइट अशा मरतात ते लॅबमधल्या सरांना विचारा. ज्युनिअर्स पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, तीच लॉगिनची पानं, त्याच चुका.

म्हणून यंदा कीबोर्डला हात लावायच्या आधी चौघांनी एका टेबलावर बसा, मेसच्या भरीत-भाकरीनंतर बसलात तरी चालेल. फायलींना नावं कशी द्यायची, कोण कशात बदल करणार, बदल करताना काय लिहायचं, आणि ज्याची खात्री नाही त्यावर कुठली खूण करायची, हे एका पानावर लिहून काढा. जुनं काही पुसू नका, गिट ते सांभाळेल. आणि ते पान प्रोजेक्टबरोबरच ठेवा, म्हणजे आपण गेल्यावर जो ज्युनिअर ते उघडेल त्याला आपल्याला फोन करायची वेळ येणार नाही.