लक्ष्मीबाई टिळक

नागपूरहून राजनांदगावास जाणारी गाडी आपल्या भंडारा रोडवरूनच जाते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी त्याच गाडीत एका गोऱ्या साहेबाने कवी नारायण वामन टिळकांना बायबल दिले व रोज एक पान तरी वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी ते पाळले, आणि त्यापायी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला!

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेरी सोवळे अति कडक. लग्न अकराव्या वर्षी. शाळा ठाऊक नाही; वाचायला शिकविले ते नवऱ्यानेच. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लहानग्या मुलाला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या. ते दिवस त्यांनी कसे काढले असतील, हे बायकांनाच कळेल. चारेक वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी प्रथम पाणी व स्वयंपाक निराळाच. पुढे आपल्या मनाने विचार करून 1900 साली त्यांनी राहुरीस बाप्तिस्मा घेतला. मला यातच त्यांचा मोठेपणा दिसतो.

मराठी ख्रिस्ती घरांत रोजच्या प्रार्थनेस बायबल वाचून भजन म्हणतात, त्यांत टिळकांची भजने आजही असतात. आपल्या पोथ्यांप्रमाणे येशूचे चरित्रही ओव्यांत असावे, म्हणून 1909 साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 साली ते वारले. पुढचे 64 अध्याय रचले ते कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. 1936 साली त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला.