रोलो : लुटारू झाला राखणदार

नवव्या शतकात उत्तर फ्रान्समधील लोकांना नदीची भीती वाटे. पुराची नव्हे, तर नदीतून येणाऱ्या व्हायकिंगांच्या लांब होड्यांची. हे दर्यावर्दी मठ लुटत, गावे जाळत, माणसे धरून नेत. ८४१ साली त्यांनी रुआँ शहर जाळले. ८४५ साली ते पॅरिसला पोहोचले, तेव्हा ७००० पौंड चांदी देऊन राजाने त्यांना परत पाठवले. पण खंडणीची चटक लागलेला पुन्हा येणारच!

अशाच एका टोळीचा नायक रोलो. तो डेन्मार्कचा की नॉर्वेचा, यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. ९११ साली शार्त्र शहराला वेढा घालताना त्याचा पराभव झाला. तरीही चार्ल्स राजाने त्याच्याशी तह केला. सेन नदीकाठचे रुआँ व भोवतालचा मुलूख रोलोला मिळाला. मोबदल्यात त्याने ख्रिस्ती व्हावे आणि त्या मुलखाचे रक्षण करावे, असे ठरले.

राजाचे पाऊल चुंबण्यास रोलोने नकार दिला. त्याच्या शिपायाने ते पाऊल इतके वर उचलले की राजाच उताणा पडला, अशी आख्यायिका आहे. ती लिहिणारा द्यूदो मात्र सुमारे शंभर वर्षांनंतरचा.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या तहातला हिशेब चटकन उमगतो. खंडणी म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा खर्च, हाती काहीच नाही. शिवाय जो मुलूख राजाला राखता येत नव्हता, तोच त्याने दिला. आता लूट झाली तर नुकसान रोलोचेच होणार होते!

म्हणून रोलो काही साधू झाला नाही. ९२४ साली त्याला आणखी प्रदेश मिळाला, तरी ९२५ मध्ये त्याच्या लोकांनी तह मोडून बोव्हे व आमियाँकडे लूटमार केली. पण ते आता परतून जाणारे नव्हते. त्यांनी तेथेच संसार थाटले. रोलोचा नातू रिचर्ड याला पूर्वजांची भाषा शिकण्यासाठी बाय्यो येथे पाठवावे लागले, कारण रुआँमध्ये ती मागे पडली होती, असे द्यूदो सांगतो. या उत्तरेकडच्या माणसांवरूनच प्रदेशाला नॉर्मंडी हे नाव पडले. १०६६ साली इंग्लंड जिंकणारा विल्यम हा रोलोचाच वंशज.

रोलो सुमारे ९३० साली वारला. ज्या रुआँची व्हायकिंगांनी राख केली होती, तेथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी आहे. माणसाला राखण्याजोगे काही मिळाले की त्याचा हात जाळण्यासाठी सहसा उठत नाही, हेच त्याचे चरित्र सांगते.