प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला

आकाशात जे तारे लुकलुकताना दिसतात, त्यांपैकी पुष्कळांभोवती आपल्या सूर्याप्रमाणेच ग्रह फिरत आहेत, आणि त्यांतील काही ग्रहांवरील हवा कोणत्या द्रव्यांची बनलेली आहे हेही आता शास्त्रज्ञांस सांगता येते. असा ग्रह तर बहुधा दुर्बिणीतून दिसतदेखील नाही. मग त्याची हवा कशी कळली, असा प्रश्न आमच्या बालवाचकांस पडेल. ज्या विद्येच्या बळावर हे साधले, ती पुण्यास आणून तिच्यासाठी स्वतंत्र वेधशाळा उभारणाऱ्या एका पारशी गृहस्थांचे चरित्र आज आम्ही सादर करीत आहोत. पुणे तळेगावाहून अवघे वीस मैल. तरी हे नाव आमच्या मुलांच्या कानांवर क्वचितच पडते.

प्रथम त्या विद्येविषयी दोन शब्द. तळेगावच्या मुलांस काच नवी नाही. पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली येथेच निघाला. झुंबराच्या लोलकातून सूर्यकिरण गेला म्हणजे भिंतीवर सात रंगांचा पट्टा उमटतो, हेही सर्वांनी पाहिले असेल. हा पट्टा सूक्ष्म यंत्रातून पाहिला तर त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा आढळतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते. चुलीत चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते, ती मिठातील सोडियममुळे. आणि हा सोडियम एखाद्या ताऱ्याभोवतालच्या वायूत असला तर नेमक्या त्याच पिवळ्या जागी काळी रेषा दिसते. महाश्व तारकापुंजात सुमारे १६० प्रकाशवर्षांवर एक तारा आहे. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी त्याच्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्का घटतो. त्या वेळी थोडासा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो, व त्यात सोडियमची खूण किंचित गडद होते. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. परग्रहाच्या हवेचा मनुष्यास लागलेला हा पहिला शोध होय.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ साली झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी शास्त्रकार्यासाठी पाच हजार रुपये देऊ केले. तितकीच रक्कम मुंबई सरकारानेही दिली. नायगमवाला यांचा मूळ बेत प्रकाशाच्या पृथक्करणासाठी एक प्रयोगशाळा काढण्याचा होता. पण १८८४ मध्ये ते यंत्रे पाहण्यास विलायतेस गेले, तेव्हा सर नॉर्मन लॉकियर प्रभृती ज्योतिषांनी त्यांस ताऱ्यांचा प्रकाश अभ्यासणारी वेधशाळाच काढण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली तिची वीस इंच आरशाची दुर्बीण पुढे कित्येक दशके हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती.

यानंतर जो प्रसंग आला तो आमच्या मते या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा होय. मृगनक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशात एक ठळक हिरवी रेषा दिसते. लॉकियरसाहेबांचे म्हणणे असे की, तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून ही रेषा त्यांतील तप्त मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. हे खरे असेल तर रेषेची एक कड पुसट असावयास हवी. सर विल्यम हगिन्स यांस हे मान्य नव्हते, आणि विलायतेतील ज्योतिषांत यावरून मोठा वाद माजला होता. प्रो. नायगमवाला यांनी पुण्याच्या दुर्बिणीतून ती रेषा नाना प्रकारे ताणून पाहिली. प्रत्येक वेळी ती दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ व बारीक दिसली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा झाली, त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा होता. नवख्या मनुष्याने, तोही पारतंत्र्यातील देशातून, अशा वेळी मौन धरले असते तर त्यास कोणी फारसा दोषही दिला नसता. प्रोफेसरांनी जे दिसले ते जसेच्या तसे लिहून १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापविले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागले. पुणे व तळेगाव येथे ते खंडग्रासच होते. म्हणून प्रोफेसर आपली यंत्रे घेऊन सोलापूरच्या लोहमार्गावरील जेऊर गावी गेले. आदल्या वर्षीच पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या तयारीचे मोल कळते. जेऊरास अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलसाहेबही तळ देऊन होते. लॉकियरसाहेब त्याच दिवशी कोकणात विजयदुर्गावर होते! समुद्रावरून आलेली चंद्राची छाया त्यांच्यावरून सरकली, आणि काही मिनिटांतच जेऊरावर पोहोचली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. तेवढ्या अवकाशात घेतलेल्या वेधांचा अहवाल प्रोफेसरांनी १९०२ साली प्रसिद्ध केला. दोन मिनिटांच्या कामास चार वर्षांचे लेखन लागले.

१९१२ साली ते सेवानिवृत्त झाले. त्यांच्या मागे हे काम चालविणारा कोणी नेमला गेला नाही. वेधशाळा बंद झाली, आणि दुर्बिणीसह सर्व यंत्रे दक्षिणेस कोडाईकनालला रवाना झाली. एका मनुष्याच्या आधारावर उभी असलेली संस्था त्याच्याबरोबरच संपावी, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

मृगातील त्या हिरव्या रेषेचे कोडे १९२७ साली अमेरिकेत बोवेन नामक शास्त्रज्ञाने उलगडले. ती मॅग्नेशियमची नव्हती; अतिविरळ वायूत प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूच्या अणूंची होती. प्रोफेसर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९३८ साली त्यांचे देहावसान झाले.